नारळावरच्या कोळ्याला औषध आहे, पण झाडावर चढणार कोण?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, नारळाच्या भावाने सगळ्यांचेच डोळे पांढरे केले. शहाळं महागलं, खोबरेल तेल महागलं, नारळी पौर्णिमा आणि गणपतीच्या दिवसांत तर 'मोदक करायचे की नाही' यावर रील्स आणि मीम्स फिरले. केंद्र सरकारने २०२५ च्या हंगामासाठी खोबऱ्याचा हमीभावही वाढवला. तेलासाठीच्या खोबऱ्याला क्विंटलमागे ११,५८२ रुपये आणि गोटा खोबऱ्याला १२,१०० रुपये.

म्हणजे ज्याच्या दारात माड, त्याची चांदी, असं कुणालाही वाटेल. सिंधुदुर्गात फिरलात तर चित्र थोडं वेगळं दिसतं. माड आहेत, फळंही धरतात. पण त्यातली बरीच कोवळी असतानाच गळून पडतात. जी टिकतात त्यांच्यावर तपकिरी, खरखरीत, भेगाळलेले चट्टे असतात. सोलायला घेतला तर सोडण सुटता सुटत नाही आणि आत निघतो लिंबापेक्षा जरासा मोठा नारळ.

यामागे हवामान, खताची कमतरता, उंदीर, माकडं अशी बरीच कारणं आहेत. पण चट्टे, भेगा आणि बारीक फळ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर संशय एकावरच जातो, तो म्हणजे इरिओफाईड कोळी.

या किडीबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिच्यावरचे उपाय गेली वीसेक वर्षं माहीत आहेत. आणि वैभववाडीसारख्या तालुक्यात ते उपाय बहुतेक झाडांपर्यंत पोचणं कठीण आहे. असं का, ते समजून घेऊ.

हा कोळी म्हणजे नेमका कोण?

कोळी म्हटलं की आपल्याला जाळं विणणारा कोळी आठवतो. शेतीत 'कोळी' म्हणतात ते त्याच्याच दूरच्या नात्यातले, पण अतिशय बारीक जीव. ते कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय असतात, कोळीवर्गाला आठ.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण खिशाला लागणारा आहे. आंब्यावरचे तुडतुडे, मोहोरावर हल्ला करणारे फुलकिडे म्हणजे थ्रिप्स, काजूवरचा ढेकण्या हे सगळे कीटक. त्यांच्यासाठी आणलेलं औषध कोळ्यावर चालेलच असं नाही. उलट काही कीटकनाशकं, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातली, कोळ्याला खाणारे मित्रजीवच मारून टाकतात. मग फवारणीनंतर कोळी कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. जगभरच्या फळबागांत हा अनुभव आलेला आहे. म्हणून 'आंब्याचं उरलेलं औषध माडालाही मारून टाकू' हा विचार महागात पडू शकतो.

नारळावरचा कोळी तर आपल्या वर्गातही वेगळा. त्याला आठ नाही, चारच पाय असतात. शरीर लांबट, पांढुरकं, अळीसारखं. लांबी साधारण पाव मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. शास्त्रीय नाव असेरिया गेरेरोनिस.

तो राहतो कुठे, हे सगळ्यात महत्त्वाचं. नारळाच्या देठाकडे पाकळ्यांची एक घट्ट टोपी असते. फळ धरल्यानंतर काही आठवड्यांत ही टोपी आणि फळ यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. कोळी त्या फटीतून आत शिरतो. नारळ वाढतो तो याच भागातून, त्यामुळे इथलं साल अगदी कोवळं असतं. कोळी सुईसारख्या तोंडाने त्यातला रस शोषतो. अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालण्यापर्यंतचं त्याचं चक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होतं. महिन्याला तीन पिढ्या धरा, म्हणजे एका टोपीखाली हजारोंची वसाहत कशी होते ते कळेल.

साल जिथे जखमी होतं तिथे ते पुढे फुगत नाही. आतलं फळ वाढायला बघतं, वरचं साल ताणत नाही. मग भेगा पडतात, कधी डिंकासारखा चीक येतो, फळ वाकडं होतं किंवा बारीक राहतं.

तो आपल्याकडे आला कुठून?

या कोळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९६५ साली झालं. नमुने होते मेक्सिकोतल्या गेरेरो राज्यातले, नावही तिथूनच आलं. पुढच्या काही वर्षांत तो ब्राझील आणि पश्चिम आफ्रिकेत सापडला. १९९७ च्या अखेरीस तो श्रीलंकेत दिसला. १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या अंबल्लूर भागात त्याची भारतातली पहिली नोंद झाली. तिथून तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र, लक्षद्वीप, गोवा असं करत तो कोकणातही आला.

एवढा बारीक जीव इतका प्रवास कसा करतो? मुख्यतः वाऱ्यावर. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला पंख लागत नाहीत, वाऱ्याची झुळूक पुरते. आणि लांबच्या प्रवासाला किडके असोले नारळ आहेतच, ट्रकमधून, बोटीतून.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. माडाच्या पानांवरचा लाल कोळी १९२४ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून जगाला कळला. तो २००४ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला आणि तिथल्या माडांना त्याने पिवळं केलं. मालाची, रोपांची आणि माणसांची ये-जा वाढली की किडींचीही वाढते, एवढाच याचा अर्थ.

ओळखायचा कसा? आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या उपायांचं काय?

झाडाखाली पडलेलं एक कोवळं फळ उचला. टोपीच्या कडेला बघा. सुरुवातीला तिथे फिकट पांढरा किंवा पिवळसर त्रिकोणी डाग दिसतो, टोकाकडे निमुळता. पुढे तो तपकिरी होतो, पसरतो आणि त्यावर उभ्या भेगा पडतात. सुरीने टोपी काढून आतला भाग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघितला, तर पांढुरके लांबट ठिपके हलताना दिसतात. मोबाईलला लावायची स्वस्तातली मॅक्रो लेन्स असेल तर तिनेही अंदाज येतो.

आता फॉरवर्ड होणाऱ्या उपायांकडे वळू. 'माडाच्या शेंड्यात डांबर गोळ्या ठेवा, मीठ टाका' हा मेसेज तुम्हीही वाचला असेल. डांबर गोळ्यांची शिफारस खरी आहे, पण ती गेंड्या भुंग्यासाठी. हा काळा मोठा भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो. लहान माडांच्या पानांच्या बेचक्यात वाळूसोबत डांबर गोळ्या ठेवतात त्या त्याला दूर ठेवायला. फळाच्या टोपीखाली बसलेल्या कोळ्याला त्यांनी काही होत नाही.

आणखी एक नेहमीचा प्रश्न म्हणजे चट्टे पडलेला नारळ खाल्ला तर चालतो का? चालतो. कोळी सालावर असतो, खोबऱ्यात नाही. माणसाला त्यापासून धोका नाही. तोटा एवढाच की खोबरं कमी निघतं, पाणी कमी निघतं आणि सोलताना घाम निघतो. काथ्याही चांगला मिळत नाही.

फवारणी एवढी अवघड का?

आंब्याचा विचार करा. मोहोर वर्षातून एकदा येतो, फवारणीचं वेळापत्रक त्याभोवती बांधता येतं. हंगाम संपला की कीड उपाशी राहते.

माडाचं तसं नाही. चांगल्या माडाला साधारण महिन्याला एक पोय येते आणि फळ पिकायला जवळपास वर्ष लागतं. म्हणजे कुठल्याही दिवशी झाडावर फूल, बोराएवढं फळ, शहाळं आणि पिकलेला नारळ, सगळं एकत्र असतं. कोळ्याला आवडतात ती एक ते सहा महिन्यांची फळं. ती बाराही महिने हजर. त्याच्यासाठी दुष्काळ कधी पडतच नाही. जोरदार पावसात त्याची संख्या घटते, उन्हाळ्यात पुन्हा उसळते.

दुसरी अडचण टोपीची. औषध वरून कितीही मारलं तरी टोपीखाली फार थोडं उतरतं. म्हणून एकदा फवारून काम होत नाही. कोळी एका फळावरून दुसऱ्यावर जायला बाहेर येतो तेव्हा त्याला गाठावं लागतं, तेही वर्षातून तीनदा.

तिसरी अडचण उंचीची. कोकणात सर्वाधिक दिसणारा बाणवली माड पंधरा-वीस मीटरपर्यंत जातो. ठेंगण्या जातीवर जमिनीवरून फवारता येतं. बाणवलीच्या घडापर्यंत पोचायला चढावंच लागतं.

जुनी जालीम औषधं कुठे गेली?

कीड नवी होती तेव्हा डायकोफॉलची फवारणी आणि मोनोक्रोटोफॉस मुळांतून देणं असे उपाय सुचवले गेले होते. आजही गावात कुणीतरी 'ते पूर्वीचं जालीम औषध मिळालं असतं तर' असं म्हणताना भेटेल.

डायकोफॉल हे खास कोळ्यासाठीचं रसायन. ते बनतं डीडीटीपासून आणि निसर्गात लवकर नष्ट होत नाही. चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात २०१९ मध्ये त्याचा समावेश झाला. भारत सरकारने सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस काढलेल्या आदेशाने डायकोफॉलवर बंदी आली. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्के तीव्रतेचं द्रावणही त्याच आदेशाने बाजारातून बाहेर काढलं गेलं, शिल्लक माल संपवायला एक वर्षाची मुदत देऊन.

या बंदीकडे 'शेतकऱ्याचं हत्यार काढून घेतलं' असं बघायच्या आधी यवतमाळ आठवायला हवं. २०१७ मध्ये तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्य सरकारने ज्या औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. कपाशी तर छातीएवढी. माडावर चढलेला माणूस एका हाताने झावळ धरून डोक्याच्या पातळीवरच्या घडावर फवारतो. औषध त्याच्याच तोंडावर, मानेवर ओघळतं. शिवाय आपले माड असतात विहिरीशेजारी आणि घराच्या पडवीला लागून. त्यामुळे ही जालीम रसायनं गेली याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

मग आजची शिफारस काय आहे?

नारळावरचं देशातलं मुख्य संशोधन केरळमधल्या कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेत चालतं. कोकणात दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचं रत्नागिरीजवळचं भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र हे काम करतं. शिफारशींचा गाभा असा आहे.

पहिला उपाय, कडुनिंब-लसूण-साबण यांचं मिश्रण. दहा लिटर द्रावणासाठी २०० मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, २०० ग्रॅम लसूण आणि ५० ग्रॅम साधा साबण. साबण कोमट पाण्यात विरघळवून तेलात घोटायचा, लसूण वाटून गाळून त्यात घालायचा, मग पाणी घालून दहा लिटर करायचं. ते त्याच दिवशी वापरायचं. फवारणी कोवळ्या घडांवर करायची, नुकत्याच उमललेल्या पोयीवर नाही. तिथे मधमाश्या येत असतात आणि कोळी अजून पोचलेला नसतो.

दुसरा, पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला पाच ग्रॅम.

तिसरा, मुळांतून औषध. पाच टक्के अ‍ॅझाडिरेक्टिन, म्हणजे कडुनिंबातलाच घटक, साडेसात मिलिलिटर घेऊन त्यात तेवढंच पाणी मिसळायचं. बुंध्यापासून थोडं दूर खणून पेन्सिलीएवढं जाड, जिवंत मूळ शोधायचं, तिरकं कापायचं आणि टोक औषधाच्या पिशवीत बुडवून पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी औषध शोषलं गेलं का ते बघायचं. याआधी काढणीयोग्य नारळ उतरवून घ्यायचे आणि नंतर ४५ दिवस काढणी करायची नाही.

वेळा तीन. डिसेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर.

यासोबत झाडाचं पोट भरलेलं हवं. शेणखत, तीन हप्त्यांत खतं आणि माडामागे वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड. नीट पोसलेला माड कोळी असूनही बरं फळ देतो, उपाशी माड लवकर हार मानतो. गळलेली किडकी फळं गोळा करून नष्ट करायची, बांधावर फेकून द्यायची नाहीत.

यातलं एकही औषध दुर्मीळ नाही, फार महागही नाही. तरीही चट्टे आहेतच.

वैभववाडीतला खरा अडसर

वैभववाडी तालुक्याला समुद्र नाही. करूळ आणि भुईबावडा घाट उतरून आलात की सह्याद्रीच्या पायथ्याशी हा तालुका लागतो. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनारपट्टीवर माडांच्या सलग बागा दिसतात. इथे भात, ऊस, काजू, आंबा आणि त्यांच्या मधेमधे माड. विहिरीकडेला दोन, परसात चार, शेताच्या मेरेवर तीन. एका घराचे पाच-दहा माड म्हणजे ती बाग नव्हे, पण वर्षभराच्या आमटीचा, सोलकढीचा, सणावाराचा आणि देवळात गाऱ्हाणं घालताना लागणाऱ्या नारळाचा तो आधार असतो. जास्तीचे विकले तर थोडे पैसे मिळतात.

शेतीच्या योजना मात्र बागेचा विचार करून बनतात. राज्यात २०१८ पासून सुरू असलेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना घ्या. त्यात नारळही आहे, अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांत मिळतं. योजना चांगली आहे. पण लागवडीचं अनुदान तीन वर्षांत संपतं आणि कोळी येतो तो झाडाला फळ धरल्यावर. आजोबांनी लावलेल्या माडाला तर हे लागूच नाही.

मग चढणाऱ्याचा प्रश्न येतो. नारळ उतरवणारा पाडेली ही कोकणातली जुनी कारागिरी. कमरेला कोयता, पायात दोरीचा फास आणि माणूस वर. हे काम जोखमीचं, हंगामी आणि विम्याशिवायचं. पाडेलीचा मुलगा हे काम करेलच असं नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. जे उरलेत त्यांच्यामागे अख्खं गाव.

हिशेब मांडून बघू. हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, दर गावागणिक बदलतात. समजा घरचे दहा माड, माडामागे वर्षाला ६० नारळ, एकूण ६००. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाला, म्हणजे २०० नारळांना, कोळ्यामुळे निम्माच भाव मिळतो. चांगल्या नारळाचा जागेवरचा भाव १० रुपये असेल तर वर्षाचं नुकसान १,००० रुपये. पाडेली झाडामागे १०० रुपये घेत असेल, तर तीन फवारण्यांसाठी तीस चढाया, म्हणजे ३,००० रुपये. कुठलाही शहाणा माणूस फवारणी करणार नाही. तो आळशी नाही, त्याचं गणित बरोबर आहे.

आता भाव ३० रुपये धरा. नुकसान ३,००० रुपये होतं. फवारणी जेमतेम बरोबरीत येते. म्हणजे भाव चढल्यामुळे पहिल्यांदाच या कामात थोडा अर्थ निर्माण झाला आहे. तरी फायदा नाहीच.

आणि यात एक गोष्ट धरलेलीच नाही. शेजारचं घर बंद असेल तर? वैभववाडीतल्या किती घरांना मुंबईतल्या कुलपाची किल्ली आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. बंद घराच्या परड्यातले माड कुणी फवारत नाही. तिथला कोळी वाऱ्यावर बसून तुमच्या फवारलेल्या माडावर परत येतो. एकट्याने केलेल्या खर्चाचा मोठा भाग असा वाऱ्यावर जातो.

इतरांनी यावर काय केलं?

केरळलाही हाच प्रश्न पडला. चढणारे कमी झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तिथे 'नारळ वृक्षाचे मित्र' या अर्थाच्या नावाने प्रशिक्षण सुरू केलं. तरुण-तरुणींना यंत्राच्या मदतीने चढायला, शेंडा साफ करायला आणि कीड ओळखायला शिकवलं. सोबत अपघात विमा. चढायचं यंत्रही परदेशी नव्हतं, कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एका शेतकऱ्याच्या कल्पनेतून ते लोकप्रिय झालं. लक्षात घ्या, मंडळाने इथे नवं औषध शोधलं नाही. चढणारा माणूस घडवला आणि त्याच्या कामाला थोडी सुरक्षितता दिली.

श्रीलंकेने दुसरी वाट धरली. कोळ्याला खाणारा एक भक्षक कोळी आहे, निओसियुलस बराकी. लुनुविल इथल्या नारळ संशोधन संस्थेने त्याची पैदास करून छोट्या पाकिटांतून तो बागांत सोडण्याची पद्धत बसवली. भारतात बंगळुरूच्या संशोधकांनी कोळ्याला रोगी करणाऱ्या हिर्सुटेला नावाच्या बुरशीवर काम केलं. हे मित्रजीव आपल्या माडांवरही कमी-अधिक असतात. जालीम रसायनांनी आधी तेच मरतात.

दीर्घकालीन उपाय जातीचा आहे. कासरगोडच्या संस्थेने 'कल्प हरिता' ही उंच जात आणली, तिच्यावर कोळ्याचा त्रास कमी आढळतो. नवीन लावणाऱ्यांनी रोप घेताना याची चौकशी जरूर करावी. पण आज लावलेलं रोप फळाला येईपर्यंत काही वर्षं जाणार. उभ्या माडांचं काय, हा प्रश्न उरतोच.

मग एका वाडीला काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे फवारणी आणि काढणी एकाच चढाईत बसवणं. पाडेली नारळ उतरवायला तसाही वर्षातून काही वेळा चढतो. त्यातल्या तीन वेळा शिफारशीच्या महिन्यांत आणल्या, तर वर गेलेला माणूस आधी नारळ उतरवेल, मग कोवळ्या घडांवर फवारेल. वेगळ्या चढाईची मजुरी वाचते. फवारणीच्या वेळेचे थोडे पैसे जास्त द्यावे लागतील, ते द्यावेत. मघाचा हिशेब इथेच पालटतो. ज्यांना मुळांतून औषध द्यायचंय त्यांच्यासाठीही क्रम तोच, आधी काढणी, मग औषध, मग ४५ दिवस थांबणं.

दुसरी गोष्ट, झाडाचा मालक नव्हे तर वाडी हे एकक धरणं. एका वाडीतले सगळे माड दोन-तीन दिवसांत उरकले, बंद घरांचेही धरून, तर कोळ्याला परत यायला जवळपास जागा उरत नाही. पाडेलीलाही फायदा. दहा घरी दहा वेगवेगळ्या दिवशी जाण्यापेक्षा सलग काम आणि सलग मजुरी.

बंद घरांचे पैसे कोण देणार? इथे कोकणाकडे एक गोष्ट आहे जी केरळच्या योजनेतही नव्हती. शिफारशीच्या तीन वेळा बघा आणि चाकरमानी गावी कधी येतो ते बघा. गणपती झाले, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबर. गावोगावच्या जत्रांचा आणि नाताळच्या सुट्टीचा डिसेंबर-जानेवारी. आणि मे महिना. तिन्ही वेळा घर उघडं असतं किंवा नुकतं बंद झालेलं असतं. गावातल्या बहुतेक वाड्यांची मुंबईत मंडळं आहेत, मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मोबाईलवरून जमा होते. त्याच ग्रुपवर 'आपल्या परड्यात माड किती?' एवढा प्रश्न विचारून माडामागे वर्गणी गोळा करणं अशक्य नाही.

तिसरी गोष्ट सरकारकडून मागायची. ती औषधाच्या अनुदानाची नसावी, कारण खर्च तिथे नाहीच. ग्रामपंचायत किंवा कृषी विभागाच्या पातळीवर चढण्याची यंत्रं, चार तरुणांचं प्रशिक्षण, तोंडावरचा मास्क, हातमोजे आणि पाडेलीचा विमा हे मागावं. जिल्ह्यात किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, नारळ विकास मंडळाचं राज्यातलं कार्यालय ठाण्यात आहे. सल्ला द्यायला माणसं आहेत. पण सल्ला जमिनीवर मिळतो आणि कोळी झाडाच्या शेंड्यावर बसतो. मधलं पंधरा मीटरचं अंतर कुणीतरी रोजंदारीवर कापायचं असतं.

यात अडचणी येतील. दहा घरांचं एकमत होणं म्हणजे काय हे गावात राहिलेल्या माणसाला माहीत आहे. मेरेवरचा माड नक्की कुणाचा यावरून जुने वाद आहेत. पहिल्याच फवारणीनंतर चट्टे जातील अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. आधी पडलेला चट्टा पुसला जात नाही. आज फवारलेल्या बोराएवढ्या फळाचा चांगला नारळ हातात यायला जवळजवळ वर्ष लागेल.

म्हणूनच भाव चढलेले असताना सुरुवात करण्यात अर्थ आहे. नारळाचे भाव पुन्हा उतरतील तेव्हा कुणी चढाईवर पैसे खर्च करणार नाही, आणि तोपर्यंत उरलेले पाडेलीही दुसऱ्या कामाला लागलेले असतील. तुमचं गाव वैभववाडीत असो की कोकणात आणखी कुठे, पुढच्या वेळी घरी गेलात की झाडाखालचं एक गळलेलं फळ उचलून टोपीची कड बघा. तिथे त्रिकोणी डाग दिसला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी दोन फोन करा. एक पाडेलीला आणि दुसरा शेजारच्या बंद घराच्या मालकाला.